वाटेत लागणारं घर

लिफ्ट अडकली की माणसं आधी बटण दाबतात. मग जोरात दाबतात. मग दोघं मिळून दाबतात, जणू बटणाला ऐकू कमी येतंय. आणि सगळं करून झालं की भिंगरीला फोन करतात.

भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. तीन भावंडांतली ही धाकटी, आणि लहानपणापासून घरात टिकायचीच नाही, म्हणून आईने ठेवलेलं नाव. थोरल्याचं किल्ल्या-कुलपांचं दुकान आहे. मधला दूरदेशी एका बँकेत आहे. आणि ही लिफ्टची मिस्त्री. बाईमाणूस असून लिफ्टची मिस्त्री, असं दुकानात कोणी म्हटलं की थोरला हातातली कानस खाली ठेवतो.

"का हो, लिफ्टला कळतं का, आत हात घालणारा बाप्या आहे की बाई?"

थोरल्याची शाळा आठवीतच सुटली, पण तोंडाची अजून भरते. आणि बहिणीचा विषय निघाला तर मधली सुट्टीसुद्धा होत नाही.

बोलण्यासारखं आहेच म्हणा. चौदा मजल्यांचं हॉस्पिटल असो की समुद्रावरचं हॉटेल, लिफ्ट बसवून झाली की शेवटची तपासणी करायला कंपनी भिंगरीलाच पाठवते. कॅबिनच्या टपावर उभी राहून ती डोळे मिटून आवाज ऐकते आणि सांगते, पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये रूळ किंचित तिरका आहे. मोजून बघावं तर तिरका निघतो. अशी पोरगी या गल्लीत काय, पुढच्या दहा गल्ल्यांत सापडायची नाही. कोणाला ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे.

आता कंपनीच्या लिफ्टा देशोदेशी जातात, म्हणजे भिंगरीही जाते, विमानाने. आणि विमानवाले अशा सारख्या येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला माइल्स देतात. जितकं उडाल तितके माइल्स तुमच्या नावावर पडतात, आणि पुरेसे साठले की त्यांच्यावर तिकीट निघतं. आई त्यांना मैलच म्हणते.

"बसून बसून कसले मैल कमावते गं ही? चालली असती तर समजलं असतं."

पण हे मैल खर्च करायचे म्हणजे सोपं काम नाही. त्याचे नियम असतात, आणि नियम करणारा माणूस बहुतेक घरी बायकोशी भांडून ऑफिसला गेलेला असावा. एका तिकिटावर, जाताना किंवा येताना, एकाच गावी थांबता येतं. त्या गावी पुढचं विमान चोवीस तासांच्या आत पकडलंत तर तो थांबा धरत नाहीत, नुसती विमानाची बदली धरतात. चोवीस तासांच्या वर गेलात की झाला तो थांबा, मग तिथे दोन दिवस राहा नाहीतर दोन महिने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उलटं फिरायचं नाही. जिथे जायचं आहे त्याच्या पलीकडे उडत जाऊन मागे यायला बंदी. भिंगरीला हे सगळं पाठ आहे. कंपनीचं काम संपलं की स्वतःच्या रजेवर, स्वतःच्या मैलांवर तिने अशी अशी गावं पाहिलीत की थोरल्याला ती नकाशावरही सापडत नाहीत. दुकानात मात्र तो ती बरोबर दाखवतो. म्हणजे आत्मविश्वासाने दाखवतो.

तर झालं असं, की मधल्याला मुलगी झाली.

आईने कधी विमानात पाय ठेवला नव्हता. नात झाल्याचं कळलं तशी ती म्हणाली, "मी जाणार." कोणी विचारलंच नव्हतं. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि ताईकडेही जाणार. तिला आता उठवत नाही. तिकडे एवढ्या लांब जाऊन ताईला न बघता आले तर ती मला बोलेल, आणि नाही बोलली तर ते जास्त वाईट."

ताई म्हणजे मावशी, आईची थोरली बहीण. लेकीपाठोपाठ ती मधल्याच्याही पुढच्या एका गावी जाऊन राहिली होती. दोघी बहिणींची गाठ पडून मधे किती वर्षं गेली हे दोघी वेगवेगळं सांगायच्या, पण दोघींचा आकडा मोठाच असायचा.

"पाठवते," भिंगरी म्हणाली. "माझे माइल्स आहेत तेवढे."

बस. एवढं कानावर पडायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याला कळलं, की आई परदेशी चालली, दोन गावं करून येणार, आणि तेही फुकट.

शेजारच्या शिंप्याने मान वर न करता विचारलं, "फुकट कसं काय? मधे उतरून विमानाला धक्का मारायला लागतो का?"

"तुझ्या मशीनला लागतो तो," थोरला म्हणाला. "आमच्या बहिणीची वट आहे तिथे."

वट होती, पण नियम वटीला विचारत नव्हता. भिंगरीने विमान कंपनीच्या माइल्सच्या खात्यात फोन लावला. आईला जायचं कुठे, तर मधल्याच्या गावी. थांबा कुठे, तर मावशीच्या गावी. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, मावशीचं गाव त्याच्या पलीकडे आहे, म्हणजे तुम्ही पुढे जाऊन मागे येणार, चालणार नाही. बरं, मग थांबा परतीच्या वाटेवर द्या. तेही नाही, कारण परत येताना आधी आणखी लांब जाणार. दोन वेगळी तिकिटं काढायला माइल्स पुरत नव्हते. भिंगरीने पुन्हा फोन लावला, दुसरी मुलगी लागली, आवाज आणखी गोड, उत्तर तेच.

आईला हे सांगायचं कसं? आई रोज कपाट उघडून कुठल्या साड्या न्यायच्या ते ठरवत होती. मावशीने तिकडे खोलीला रंग दिला होता. आणि थोरल्याने तर किल्ली करायला आलेल्या परक्या माणसालाही सांगून ठेवलं होतं. भिंगरी दोन दिवस जेवताना गप्प. आईने विचारलं, "लिफ्ट अडकली का गं कुठली?"

"हो," ती म्हणाली. "मधेच."

तिसऱ्या दिवशी ती एका ऑफिसच्या इमारतीत होती. काम संपवून तळमजल्यावर नुसती लिफ्ट वरखाली करून बघत होती. आत एक साहेब उभा, त्याने अकरावा दाबलेला. बाहेर सफाईवाल्या काकू बादली आणि मॉप घेऊन उभ्या, पण आत येईनात.

"या ना काकू."

"नको. ही अकराव्याला चाललीय. मला सहाव्याला जायचंय."

"अहो, मग चढा की. सहावा वाटेतच लागतो. तुम्ही सहाव्याला उतरा, ही जाईल अकराव्याला."

काकू आत शिरल्या. दार मिटलं. आणि भिंगरी बंद दारासमोर तशीच उभी राहिली. मग बाहेर पायरीवर येऊन बसली, माइल्सवालीला फोन लावला आणि म्हणाली, "आईला जायचंय ते मावशीच्या गावी. तिकिटात शेवटचं ठिकाण ते लिहा. आणि जाताना थांबा टाका मधल्याच्या गावी. दोन महिन्यांचा."

तिकडे थोडा वेळ बटणं वाजली.

"हो, हे चालतं," मुलगी म्हणाली. "मावशीकडे मुक्काम किती दिवस?"

"आठ. मग परत, विमान बदलून, न थांबता घरी."

"म्हणजे थांबा दोन महिन्यांचा आणि मुक्काम आठ दिवसांचा?" मुलीला हसू आलं. "नियमात बसतं. शुक्रवारपर्यंत मी ही जागा राखून ठेवते. त्या विमानात माइल्सवरची ही एवढीच मोकळी आहे. तोवर व्हिसाचं बघून पक्कं करा."

त्या संध्याकाळी घरात नुसता आनंद. आईने साड्यांचं गाठोडं सोडून पुन्हा बांधलं. थोरला शिंप्याच्या दुकानात जाऊन उगीच उभा राहिला, काही न बोलता. शिंपीच म्हणाला, "कळलं, कळलं. झालं म्हणायचं तुझं."

व्हिसाला एकच कागद कमी होता. मधल्याने लिहून द्यायचं होतं, की आई माझ्याकडे येतेय आणि माझ्या घरी राहणार आहे. भिंगरीने त्याला प्रवासाचा आराखडा पाठवला, खाली लिहिलं, 'जमलं. कागद पाठव.' आणि झोपली.

सकाळी उत्तर आलेलं. कागद नव्हता. एक ओळ होती.

'आई मावशीकडे जातेय असं दिसतंय. कागद मावशीकडूनच घ्या.'

भिंगरीला आधी वाटलं, थट्टा आहे. फोन केला तर उचलला नाही. दुपारी थोरल्याने केला, त्याचाही नाही. मधला तसा फार शहाणा माणूस, बँकेत लोकांची भांडणं सोडवायचं काम करतो. पण रुसला की लहानपणी जसा पलंगाखाली जाऊन बसायचा, तसाच अजून बसतो. आता पलंग लांब देशात होता, एवढाच फरक.

गुरुवारी त्याने उचलला. घरात सगळे बसले होते. भिंगरीने फोन स्वयंपाकघरात नेला आणि दार लोटलं. दाराला कान लावून कोण उभं होतं ते सांगायला नको, कारण किल्लीवाल्यांना दारांची सवयच असते.

"अरे भाऊ, झालं काय तुला?"

"मला काय होतंय? आई ताईमावशीकडे चाललीय, जाऊ दे. वाटेत माझ्याकडे टेकेल."

"दोन महिने टेकणार आहे ती."

"थांबा लिहिलंय त्यात. माझं नाव थांब्यात."

"ते विमानवाल्यांचं लिहिणं आहे. तुझ्याकडे शेवटचं ठिकाण धरलं असतं तर मावशीचं गाव बसतच नव्हतं. मावशी तुझ्या पुढे राहते, त्याला मी काय करू? तिला उचलून अलीकडे ठेवू?" मग तिला काकूंची आठवण झाली. "हे बघ, तू राहतोस कितव्या मजल्यावर?"

"सहाव्या."

"आणि इमारत?"

"बारा मजली. भिंगरे, लिफ्टचं मला सांगू नकोस. मला कळत नाही असं वाटतं का तुला? आराखडा बघितल्याबरोबर कळलं, की तू उलटं करून बसवलंयस. चांगलं बसवलंयस."

"मग?"

तिकडे पाळण्यातलं पोर कुरकुरलं, त्याच्या बायकोने काहीतरी गुणगुणलं, दार लागलं. मग मधला बोलला, पण आता त्याच्या आवाजात रुसवा नव्हता, आणि भिंगरीला ते जास्त जड गेलं.

"माझं गाव मधे पडतं गं. सगळी विमानं इथूनच जातात. काका आले, त्यांना त्यांच्या मुलाकडे जायचं होतं, एक रात्र राहिले. मामांचं सगळं कुटुंब आलं, रात्री आले आणि पहाटे गेले, गाद्याही घड्या न करता. तुझ्या वहिनीने टॉवेलांचा एक ढीगच वेगळा ठेवलाय, जाता-येताच्या लोकांसाठी. मला कोणाचं वाईट नाही वाटत. पण आजवर माझ्या घरी माझ्याकडे म्हणून कोण आलंय, सांग. आणि तू."

"मी काय?"

"तू किती वेळा आलीस?"

भिंगरी कितीदा तरी आली होती. नेहमी चोवीस तासांच्या आत. संध्याकाळी उतरायची, वहिनीच्या हातचं गरम जेवायची, दिवाणखान्यात आडवी व्हायची आणि उजाडायच्या आत टॅक्सीत. कारण त्याच्याकडे एक रात्र जास्त काढली असती तर तो थांबा धरला गेला असता, आणि तो फुकटचा थांबा तिला कुठल्यातरी डोंगरातल्या गावासाठी राखून ठेवायचा असायचा. भावाचं घर तिने नेहमी नियमाच्या फटीत बसवलं होतं.

"ठेवते," ती म्हणाली. "तासाभरात करते फोन."

दार उघडलं तर थोरला अर्धा आत पडला. आई त्याच्यामागे हात पुसत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं की नाही कोण जाणे.

"नाही म्हणतोय का?" आईने विचारलं.

"नाही म्हणत नाहीये. बरोबर बोलतोय."

"मग त्याचं ऐक," आई म्हणाली. "मला ताईकडे नाही गेले तरी चालेल, असं मी म्हणणार नाही. मला जायचंय. पण त्याला असं वाटत ठेवून नाही जाणार. उद्या नातीचं तोंड बघताना तो बाजूला असा उभा राहील, आणि मी काय, नातीशी हसू की त्याच्याकडे बघू?"

भिंगरीने हातातला फोन पुन्हा उघडला, आणि थोरल्याने बघितलं की ती पुन्हा माइल्सवालीला लावतेय. आईचं तिकीट काढून तिच्या खात्यात उरले होते ते माइल्स फार नव्हते. बेटांवर जायचं होतं तिला त्यांच्यावर, केव्हापासून. वाटेत थांबा घेऊन.

"आईचं आहे त्याच विमानाने मलाही एक जागा हवी. माइल्सवरची जागा नसेना का त्या विमानात, जे काय वर लागेल ते भरते मी. मधल्याच्या गावापर्यंत. आणि तिथूनच परत."

"तुमच्या तिकिटावर एक थांबा मिळतो," मुलगी आठवण करून देत म्हणाली. "त्याच माइल्समध्ये. कुठे टाकू?"

"कुठेच नको."

"अहो, फुकट आहे."

"असू दे."

रजेसाठी साहेबांना फोन करावा लागला, त्यात थोडी बोलाचाली झाली. एका हॉस्पिटलची तपासणी पुढे ढकलायला लागली. थोरल्याने मधे बोलायची तयारी दाखवली, ती तिने नाकारली. मग तिने तिकीट मधल्याला पाठवलं आणि फोन लावला. या वेळी त्याने लगेच उचलला.

"हे काय पाठवलंस?"

"वाच."

"वाचलं. जायचं इकडे, यायचं इकडून. पुढचं कुठे आहे?"

"पुढचं नाही."

"म्हणजे तू पुढे कुठेच जात नाहीयेस?"

"कुठे जाऊ? तुझ्याकडे येतेय."

मधल्याने तारखा मोजल्या. मग म्हणाला, "बारा दिवस आहेत हे."

"रजा तेवढीच मिळाली."

"बारा दिवस तू माझ्या घरात करणार काय? तुझ्याच्याने होणार नाही. चौथ्या दिवशी भिंतीवर चढशील."

"चढेन. तुझी भिंत आहे, तू बघ."

तिकडे वहिनीचं हसणं ऐकू आलं, म्हणजे तिकडच्या दारालाही कान होते. कागद त्याच रात्री आला. मधल्याने त्यात आई आणि बहीण अशी दोघींची नावं घातली होती, बहिणीजवळ व्हिसा आधीपासून असताना. आणि 'माझ्या घरी' हे शब्द जरा ठळक केले होते. शुक्रवारी आईचं तिकीट पक्कं झालं. थोरल्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि अर्धा दिवस शिंप्याकडे काढला.

आईने विमानात काही त्रास दिला नाही. हवाईसुंदरीला मात्र तिने तीनदा विचारलं, की बाळा तुझे पाय दुखत नाहीत का.

मधल्याच्या घरी भिंगरी कशी राहिली, ते आईने नंतर फोनवर सांगितलं, आणि थोरल्याने ते जसंच्या तसं पुढे सांगितलं, म्हणजे जरा वाढवून. पहिले तीन दिवस ती पोरीला घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरली. चौथ्या दिवशी, मधला म्हणाला होता तस्साच, तिचा पाय घराबाहेर पडला, पण गेला फक्त जिन्यापर्यंत. इमारतीची लिफ्ट सहाव्यावर थांबताना हिसका द्यायची. रखवालदाराला काहीतरी सांगून तिने पॅनेल उघडलं. मधला बँकेतून आला तर बहीण जमिनीवर मांडी घालून बसलेली, आणि त्याने काही म्हणायच्या आत तिने त्याच्या हातात टॉर्च दिली.

"इथे धर. हलवू नकोस."

तो धरून उभा राहिला. मग टाय सैल केला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसला. बोलता बोलता लहानपणीचं निघालं, मग बँकेतलं, मग मुलीचं नाव काय ठेवायचं यावरून वहिनीशी चाललेलं भांडण निघालं. शेजारी येत-जात होते, जिना चढून जात होते. आई दारातून दोनदा जेवायला बोलावून गेली.

"आणखी किती आहे गं तुझं काम?" मधल्याने शेवटी विचारलं. त्याचा हात भरून आला होता.

"काम केव्हाच झालंय."

"मग टॉर्च कशाला धरायला लावलीयस?"

"तू उठून जाशील म्हणून," भिंगरी म्हणाली. "बंद कर आता. बस अजून जरा."